वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटक
वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटक : विद्यमान रक्तवाहिन्यांपासून नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना देणारे मानवी प्रथिन. रक्तवाहिनीच्या आतील पृष्ठभागावर चपट्या कोशिकांचा जो एकेरी थर असतो त्यास अंतःस्तर म्हणतात. या कोशिकांचे विभाजन व स्थलांतर हे प्रथिन घडवून आणते, म्हणून त्यास हे काहीसे अवजड नाव पडले आहे. त्याचे जनुक (आनुवंशिक लक्षण निश्चित करणारा घटक) सहाव्या गुणसूत्रावर असते. रेणू दोन साखळ्यांचा बनलेला असून त्यांस शर्करा जोडलेली असते. एकूण रेणुभार सु. ४५,००० आहे. एकाच जनुकापासून निरनिराळ्या लांबीच्या साखळ्या तयार होतात. त्यांपैकी १६५ ॲमिनो अम्लांची साखळी सर्वांत महत्त्वाची होय. १२१ ॲमिनो अम्लांचे आखूड रूप ऊतकातून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातून) मोकळेपणी पसरते, तर १८९ ॲमिनो अम्लांचे रूप कोशिकांबाहेरील आधारद्रव्यास चिकटून राहते.

रक्तातील ऑक्सिजन केशवाहिनीपासून सु. ०·१ ते ०·२ मिमी. अंतरापर्यंतच पोहोचू शकतो. त्यापलीकडील कोशिकांची उपासमार होते. पुरेसा ऑक्सिजन असताना कोशिकेतील एक विशिष्ट नियामक प्रथिन सतत नष्ट केले जात असते. ऑक्सिजन कमी पडला की ते साठते आणि वृद्धिघटकाचे जनुक कार्यान्वित करते. (ऑक्सिजनची ही जाणीव कोशिकेस कशी होते याच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.) बाहेर पडलेला वृद्धिघटक जवळच्या वाहिनीच्या अंतःस्तर कोशिकांवरील ग्राहींना जोडला जातो. मग एक कोशिका अग्रभागी सरसावते, मागील कोशिका विभागून तिच्यामागे नळी तयार करतात व अंकुर ऑक्सिजनविरहित भागाकडे वाढत जातो. गर्भाच्या वाढीत हे प्रथिन इतके आवश्यक आहे की, उंदरात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच नाहीशी केली तरी भ्रूण दगावतो, असे १९९६ मध्ये दिसून आले. केवळ निम्म्या पुरवठ्याने असा घात होणे ही जनुकांच्या बाबतीत विरळा आढळणारी गोष्ट आहे. प्रौढावस्थेत जखम भरून येणे, मासिक ऋतुचक्र इ. प्रसंगी त्याची गरज विशेष भासते.

जालपटलात वाहिन्यांची वाढ घडविणारा एखादा पदार्थ असावा, असा तर्क आय्. सी. मायकेलसन यांनी १९४८ मध्येच केला होता. बॉस्टन येथील शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये त्याहून धाडसी कल्पना मांडली : अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेली गाठ) स्वतःच एक द्रव्य सोडून आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेते आणि हे द्रव्य रोखल्यास गाठ वाढणार नाही. अनेक समकालीनांना ही कल्पना पटली नाही. १९८३ मध्ये ड्व्होरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांच्या अर्बुदांतून वाहिन्या झिरपत्या करणारे एक प्रथिन मिळविले. १९८९ मध्ये नापोलिओने फेरारा यांनी गायीच्या पोष ग्रंथीतील कोशिकांपासून अंतःस्तर वाढविणारे प्रथिन वेगळे केले. जनुकांचे पृथक्करण झाल्यावर दोन्ही प्रथिने एकच असल्याचे उघड झाले. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने उंदरांतील अर्बुदांची वाढ मंदावते, हे १९९३ मध्ये दाखविण्यात आले.

याच मार्गाने तयार झालेल्या बेव्हासिझुमॅब या प्रतिपिंडास अमेरिकेत २००४ मध्ये पसरलेल्या बृहदांत्राच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मूळ चाचणीत नेहमीच्या रासायनिक उपचारास त्याची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १५·६ महिन्यांवरून २०·३ महिन्यांवर गेले. हा लाभ खरा असला, तरी फोकमन यांच्या कल्पनेने जागविलेल्या आशेच्या मानाने तो तोकडाच होता. गाठी अन्य वृद्धिघटकांचा आश्रय घेऊन औषधास दाद देईनाशा होतात. स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ मध्ये दिलेली मान्यता तर २०११ मध्ये काढून घ्यावी लागली.

नेत्ररोगांत मात्र या शोधाचे फळ अधिक घसघशीत आहे. दीर्घकालीन मधुमेहात जालपटलाच्या केशवाहिन्या बंद पडतात, ऑक्सिजनअभावी वृद्धिघटक वाढतो आणि नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटून नेत्रगोलात रक्तस्राव होतो. उतारवयातील पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या एका प्रकारातही जालपटलाखाली अशाच झिरपत्या वाहिन्या वाढतात. पूर्वी अशा रुग्णांची मध्यवर्ती दृष्टी बहुधा जाई. २००६ मध्ये रानिबिझुमॅब हे औषध आले. ते डोळ्यात टोचल्यास बहुतेकांची दृष्टी टिकते व काहींची सुधारतेही. ते अतिशय महाग असल्याने नेत्रतज्ञ कर्करोगावरील बेव्हासिझुमॅबच अल्प मात्रेत वापरू लागले. २०११ च्या तौलनिक चाचणीत दोहोंचा दृष्टीवरील परिणाम जवळजवळ सारखा आढळला आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत नेत्रोपचारासाठी समावेश केला. टोचण्या मात्र वारंवार घ्याव्या लागतात.

हे प्रथिन निरोगी वाहिन्यांच्या रक्षणासही लागते. ते रोखल्यास रक्तदाब वाढणे, मूत्रातून प्रथिने जाणे व जखमा उशिरा भरणे हे दुष्परिणाम संभवतात. यांपैकी पहिली दोन लक्षणे गरोदरपणातील पूर्वगर्भाक्षेपक या विकारातही दिसतात. त्यात वारेतून ग्राहीचा एक सुटा, विद्राव्य अंश जादा प्रमाणात मातेच्या रक्तात येतो व वृद्धिघटकास बांधून ठेवतो, असे २००३ मध्ये निदर्शनास आले. रक्तातील या अंशाचे मापन आता विकाराचा धोका वेळीच ओळखण्यासाठी करण्यात येते.