पतीच्या कर्जाखाली पत्नीची सही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापसाच्या पैशावर ज्यांचे वर्ष चालते, त्या अमरावती-अकोल्याकडील कुटुंबांत मृगाची पेरणी आणि दिवाळीनंतरची कापसाची विक्री यांच्या मधल्या महिन्यांत कर्ज काढणे ही नित्याची बाब आहे. आणि घर किंवा शेत पत्नीच्या नावे असेल, तर गहाणखतावर तिची सही मागितली जाते. या सहीविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती रूढ आहेत: एक अशी की, नवरा-बायको एकच, तेव्हा सही असो वा नसो, तिची मिळकत जायचीच, दुसरी अशी की, नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोने केलेली सही कोर्टात टिकतच नाही.

पहिली समजूत 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मोडीत काढली. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत केवळ मर्यादित हक्क दिला होता; 1956 च्या कायद्याच्या 14 व्या कलमाने स्त्रीला सामान्यतः पूर्ण स्वामित्व दिले. तिच्या मालकीचे घर पतीला एकट्याच्या सहीने गहाण टाकता येत नाही. पतीच्या पश्चात मात्र त्याचे देणे वारसाने आलेल्या मिळकतीच्या मर्यादेपर्यंत वसूल होऊ शकते.

दुसरी समजूत अधिक चिवट आहे. ‘त्या पैशातला एक छदामही मला मिळाला नाही’ हे पत्नीचे म्हणणे शब्दशः खरे असले तरी कायद्यापुढे ते निष्प्रभ ठरते; कारण 1872 च्या करार कायद्याच्या 127 व्या कलमानुसार मूळ ऋणकोच्या हितासाठी धनकोने केलेली कोणतीही गोष्ट जामीनदाराच्या हमीला पुरेसा मोबदला होय. ‘आधी नवऱ्याकडून वसूल करा’ हा आग्रहही सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली बँक ऑफ बिहारच्या दाव्यात अमान्य केला. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. नुसत्या गहाणखताने तीच एक मिळकत अडकते, परंतु त्यासोबत जामीनपत्रावरही सही झाली, तर तिची इतर मिळकतही जबाबदारीखाली येते. आणि हे दोन्ही कागद बहुधा एकाच गठ्ठ्यात, सहीच्या जागी पेन्सिलीची खूण करून, तिच्यासमोर सरकवले जातात.

साधे गहाणखत नोंदणीकृत व दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते. मात्र अधिसूचित शहरांत मालकीहक्काची मूळ कागदपत्रे तारण म्हणून धनकोच्या हवाली केल्यानेही गहाण पूर्ण होते. गहाणखताच्या नोंदणीवेळी दुय्यम निबंधकापुढे छायाचित्र निघते, अंगठा उमटतो, आणि ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाविना’ ही ओळ दस्तात असतेच असते. ती ओळ म्हणजे संमतीचा अंतिम पुरावा नव्हे. पतीने आत्महत्येची धमकी देऊन पत्नी व पुत्राकडून करून घेतलेले हक्कसोडपत्र मद्रास उच्च न्यायालयाने 1917 साली जबरदस्तीचे ठरविले. आणि पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला समजला होता, हे सिद्ध करण्याचा भार त्या दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली मान्य केले. शिकलेल्या स्त्रीला मात्र ‘वाचले नव्हते’ एवढ्याने सुटका मिळणे दुरापास्त. पत्नीला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळाल्याची खात्री बँकेने करून घ्यावी, असा दंडक इंग्लंडमध्ये 2001 च्या निर्णयाने घालून दिला. तशी सार्वत्रिक सक्ती आपल्याकडे नाही, आणि ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसुली सुरू झाल्यावर वेळ थोडा असतो. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पुढील ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे वऱ्हाडकरांस नागपुरास, दाद मागता येते. शेतजमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; पण म्हणून शेतीवरील गहाण निरर्थक होत नाही, वसुलीचे इतर मार्ग खुलेच राहतात. सावकाराने बळकावलेल्या जमिनीसाठी 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने निराळी वाट ठेवली आहे: जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा, जुने गहाणखत, खरेदीखत, सातबारा व फेरफाराच्या नकला सोबत जोडाव्यात, आणि पती हयात असला तरी मिळकत जिच्या नावची, तिनेच अर्जदार म्हणून सही करावी.