हप्ता तोच, मुदत कमी

पुण्याहून अहिल्यानगरच्या दिशेने वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा सोडून भीमा ओलांडली की कोरेगाव भीमा लागतं. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, मग रांजणगावची एमआयडीसी. या पट्ट्यात घर घेणाऱ्यांत मोठा वाटा कारखान्यांतल्या कामगारांचा. त्यांच्याकडे मोठी रक्कम एकरकमी येण्याचे प्रसंग ठरलेले: दिवाळीचा बोनस, वेतनवाढीचा करार लांबला तर त्याचा फरक, आणि गावाकडे शेती असेल तर उसाचं बिल. तेव्हा घरात एक प्रश्न हमखास निघतो. हे पैसे होमलोनमध्ये टाकायचे का? आणि टाकायचे तर कसे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक गृहीत धरतात, आणि पैसे तिथेच जातात. म्हणून आधी हप्त्याच्या पोटात काय असतं ते बघू.

समजा २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, व्याज साडेआठ टक्के. हप्ता बसतो २१,६९६ रुपये. पहिल्या महिन्यात बँक २५ लाखांवर एका महिन्याचं व्याज लावते, ते होतं १७,७०८. उरलेले ३,९८८ रुपये मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात व्याज त्या कमी झालेल्या मुद्दलावर, म्हणजे किंचित कमी, आणि मुद्दलाचा वाटा किंचित जास्त. हप्ता तेवढाच राहतो, आतली वाटणी सरकत जाते. पण ती फार सावकाश सरकते. पाच वर्षांत तुम्ही १३ लाखांहून जास्त भरलेले असतात आणि बाकी असते २२ लाख ३ हजार. म्हणजे मुद्दलातून गेले तीन लाखांच्या आतच. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजाच्या बरोबरीला यायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. वीस वर्षं पूर्ण भरलं तर व्याजच २७ लाखांवर जातं. यात बँकेची लबाडी काही नाही. बाकी मोठी म्हणून व्याज मोठं, एवढंच. पण बाकी लवकर कमी केली तर फायदाही तेवढाच मोठा, हेही याच गणितातून निघतं.

आता पाच वर्षांनंतर फरकाचे दोन लाख हातात आले आणि ते कर्जात भरले असं धरू. बाकी २० लाख ३ हजार झाली. इथे दोन वाटा फुटतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करता येतो, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करता येते. पहिल्या वाटेने हप्ता १९,७२६ होतो, महिन्याला १,९७० रुपये सुटतात आणि उरलेल्या पंधरा वर्षांत निव्वळ वाचतात दीड लाखाच्या वर थोडे. दुसऱ्या वाटेने १८० हप्त्यांच्या जागी साधारण १५० उरतात. जवळपास अडीच वर्षं गेली आणि निव्वळ बचत ४ लाख ४३ हजारांची. दोन लाख तेच, कर्ज तेच, बँक तीच.

कुणी म्हणेल, पहिल्या वाटेने दर महिन्याला सुटलेले १,९७० रुपये गुंतवले तर? बरोबर आहे, तसं खरोखर कुणी केलं तर हा फरक बराच भरून निघतो. पण सुटलेला हप्ता घरखर्चात विरघळतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: हप्ता पेलत असेल तर तो तोच ठेवा आणि मुदत कापा. नोकरी कंत्राटी असेल, ओव्हरटाइम बंद झाला असेल, घरात आजारपण असेल, तर मात्र हप्ता कमी करून घेण्यात काही चूक नाही.

पैसे कधी भरले यालाही महत्त्व आहे. तेच दोन लाख बाराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर साधारण १७ हप्ते कमी होतात आणि वाचतात पावणेदोन लाखांच्या आसपास. मोठी रक्कम जमेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पहिल्या वर्षापासून दर दिवाळीला फक्त एक जादा हप्ता भरला, तरी २४० महिन्यांचं कर्ज सुमारे २०० महिन्यांत संपतं आणि सव्वापाच लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बोनस नेमका त्याच कामाचा आहे, असं मी म्हणेन. घरच्यांना पटवणं ज्याचं त्याने बघावं.

याची एक उलटी बाजूही आहे. अनेकांची मुदत त्यांच्या नकळत वाढलेली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ज्यांनी २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं होतं, त्यांचा व्याजदर अडीच टक्क्यांनी वाढला. बँकांनी बहुतेकांचा हप्ता तसाच ठेवला आणि मुदत ताणली. २५ लाखांवर पावणेसात टक्क्यांचा हप्ता १९,००९ रुपये. सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याजच १९,२७० होतं. म्हणजे नव्या कर्जदाराचा अख्खा हप्ता व्याजात जाऊनही पुरत नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, किंवा ठरावीक दराकडे वळायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. आणि मधेच अंशतः वा पूर्ण कर्ज फेडायची मुभा ठेवायची. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने उतरून सव्वापाचवर आला. ताणलेली मुदत त्याबरोबर आखडली की नाही हे कळावं म्हणून जादा पैसे भरण्याआधी बँकेतून आजचा उतारा आणि उरलेल्या हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या. तुमचं कर्ज कशाला जोडलेलं आहे तेही विचारा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची होमलोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. त्याआधीचं कर्ज जुन्या पद्धतीत अडकलं असेल तर थोडं शुल्क भरून बदलून घेता येतं, आणि कधी कधी हा एक अर्जच लाखभराच्या जादा भरण्याइतकं काम करतो. गृहवित्त कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही. त्यांचा स्वतःचा आधारदर असतो.

दंडाची भीती मात्र अनेकांच्या मनात अजून घर करून आहे. बदलत्या व्याजदराच्या होमलोनवर मुदतीआधी फेडण्याचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. पैसे बोनसचे असोत, जमीन विकून आलेले असोत की दुसऱ्या बँकेचे, फरक पडत नाही. ठरावीक दराच्या कर्जावर मात्र करारात लिहिलेलं शुल्क लागू शकतं. सुरुवातीची काही वर्षं ठरावीक आणि नंतर बदलता दर अशी मिश्र कर्जंही असतात. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या अशा कर्जांत, फेडताना कर्ज बदलत्या दरावर असेल तर शुल्क नाही. पतसंस्था वेगळ्या. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. गुंठ्याच्या व्यवहारावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून या भागात घरासाठी पतसंस्थेचं कर्ज काढणारे पुष्कळ असतात. त्यांनी आपला करार आणि संस्थेचे पोटनियम वाचूनच पाऊल टाकावं.

पण प्रत्येकाने पैसे होमलोनमध्येच टाकावेत असंही नाही. होमलोन हे घरातलं बहुधा सर्वांत स्वस्त कर्ज असतं. पतसंस्थेचं, वैयक्तिक, सोन्यावरचं किंवा क्रेडिट कार्डाचं देणं असेल तर आधी ते मिटवा. पीककर्ज याच्या उलट. विकास सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर राज्यात शून्य टक्क्याने पडतं. त्यात घाई करून काही मिळत नाही. मुदतीच्या आत भरून नवं-जुनं केलं की झालं. निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असल्याशिवाय कर्जात जादा पैसे टाकू नका, कारण एकदा भरलेले पैसे बँक परत देत नाही. ज्यांना ही धाकधूक वाटते त्यांच्यासाठी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं होमलोन असतं, स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं: जादा पैसे खात्यात ठेवले तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागले तर काढताही येतात. व्याजदर मात्र साध्या कर्जाहून थोडा जास्त असतो.

पीएफ मोडून कर्ज फेडणाऱ्यांनी जरा थांबावं. २०२४-२५ साठी पीएफला ८.२५ टक्के व्याज मिळालं. कर्जाचा दर त्याच्याच आसपास किंवा खाली असेल तर म्हातारपणाचा पैसा इकडचा तिकडे करण्यात हशील नाही.

‘टॅक्स वाचतो, कर्ज राहू दे’ हा सल्लाही आता तपासून घ्यावा. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट आणि मुद्दलावरची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि २०२५-२६ पासून तीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. कारखान्यातल्या बहुतेक पगारदारांना त्यामुळे या वजावटीचा काही उपयोग उरलेला नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान मंजूर झालं असेल तर मात्र घाई करू नका. ते अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत येतं, आणि प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असून निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. भराभर फेडून टाकलं तर पुढचे हप्ते हुकतात.

आता प्रत्यक्ष भरणा. नुसते पैसे कर्जखात्यात वळते करून गप्प बसू नका. काही ठिकाणी अशी रक्कम पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहते, मुद्दलात जातच नाही. शाखेत लेखी अर्ज द्या: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अॅपवर भरत असाल तर तिथेही हा पर्याय निवडावा लागतो, आणि आपण निवडला नाही तर बँक आपल्या सोयीने ठरवते. आठवड्याभरात नवं वेळापत्रक मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली का ते बघा.

पूर्ण कर्ज मिटवायचं असेल तर आधी बँकेकडून विशिष्ट तारखेची एकूण बाकी लेखी घ्या. त्यात त्या तारखेनंतर दररोज किती व्याज वाढेल तेही असतं. भरणा झाला की हप्त्याची ऑटो कपात बंद करायचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला जातो आणि परताव्यासाठी चकरा सुरू होतात. बेबाकी दाखला घ्या, तारण म्हणून दिलेले कोरे धनादेश परत घ्या. कर्जाबरोबर एकरकमी हप्ता भरून विमा घेतला असेल तर उरलेल्या काळाचे काही पैसे परत मिळतात का, ते विचारा.

मूळ कागदपत्रांबाबत नियम पक्का आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत सगळी मूळ कागदपत्रं परत करून बोजा उतरवणं बँकेवर आणि वित्त कंपनीवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची यादी तुमच्याकडे असेल तर ती घेऊन जा आणि एकेक कागद टिकमार्क करून घ्या: खरेदीखत, इंडेक्स २, नोंदणीची पावती, आधीच्या मालकांची साखळी. एखादा कागद बँकेकडून हरवला असेल तर नक्कल काढायला मदत करण्याची जबाबदारी आणि त्याचा खर्च बँकेचा. बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार करून ३० दिवस थांबा आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १४४४८ हा त्यांचा क्रमांक.

इथवर आलं की बहुतेक जण पेढे वाटतात. पण बोजा अजून सरकारी नोंदीत असतो. गहाणाची नोंद सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत असते. ती बँकेनेच बंद करायची, तुम्ही फक्त झाल्याचा पुरावा मागायचा. नोंदणीकृत गहाणखत झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे सोडखत नोंदवावं लागतं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद कमी करून घ्या. गावात स्वतंत्र घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बोजा असू शकतो. आणि जमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तो असतोच.

सातबाऱ्यावरचा बोजा बँकेने कर्ज बंद झाल्याचं पत्र दिल्यावरही आपोआप जात नाही. ते पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मग फेरफार धरला जातो आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. पुढे मागे घर विकायला काढाल, वाटणी कराल किंवा दुसरं कर्ज मागाल, तेव्हा समोरचा माणूस बेबाकी दाखल्याआधी उतारा बघतो. म्हणून फेरफार मंजूर झाला की १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा नवा सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचा.