मिरीची भूक : भाद्रपद ते संक्रांत

2025 चं कालनिर्णय भिंतीवरून उतरलं, पण रद्दीत गेलं नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पानांवर, जिथे एरवी दुधाचे खाडे लिहिलेले असतात, तिथे निळ्या पेनाने वेगळाच हिशेब आहे : ‘नुसतं चाटलं’, ‘अर्धी वाटी’, ‘नाही’, ‘नाही’, ‘पिवळी उलटी’, ‘पनीर घेतलं, गोळी थुंकली’. आमची कुत्री मिरी हिची नसबंदी झाली, त्यानंतरच्या जेवणांच्या या नोंदी. तेव्हा घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, ‘ऑपरेशनने तिची भूकच मेली हो.’ ती पानं आता सलग वाचली की लक्षात येतं, वाक्य तेच राहिलं, कारणं मात्र पाळीपाळीने बदलत गेली. एक उठलं की दुसरं त्याच्या जागी येऊन बसत होतं.

मिरी साताऱ्याच्या रस्त्यावरची, गावठी. तिचं वेळापत्रकही गावठीच. पाळीव जातिवंत माद्या साधारण सहा-सात महिन्यांनी, वर्षात केव्हाही माजावर येतात. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांचा हंगाम मुख्यतः भाद्रपदाच्या आगेमागे. त्यानंतर साधारण 63 दिवसांनी पिल्लं होतात, म्हणून थंडीच्या तोंडावर आळीआळीत वळचणीला कुंईकुंई सुरू होते. मिरीला मुहूर्त सापडला तो नेमका गौरींचा. फाटकाबाहेर आळीतले झाडून सगळे कुत्रे ठाण मांडून बसलेले आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका त्यांच्यातून साड्या सावरत वाट काढतायत, असं ते दृश्य होतं. सासूबाईंनी शेवटी दारात पाण्याची बादली आणि मगा ठेवला. कुत्र्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ऑपरेशन करायचं हे आधीच ठरलेलं. पिल्लांची घरं शोधत फिरण्याची आमची ताकद नव्हती हे एक, आणि दुसरं म्हणजे पायोमेट्रा, गर्भाशयात पू भरणं. माज सरल्यावर काही आठवड्यांनी हा आजार गाठतो. मादी पाणी खूप पिते, जेवण सोडते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जाते. स्वीडनमध्ये निरोगी माद्यांची सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नाही, आणि कुत्र्यांचे विमे उतरवण्याची मात्र आहे. तिथल्या विम्याच्या नोंदींतून दिसलं, की वयाच्या दहा वर्षांपर्यंत दर चार माद्यांमागे जवळपास एकीला पायोमेट्रा होतो. स्तनांच्या गाठींचं कारणही नेहमी सांगितलं जातं. 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे त्यासाठी वर्षानुवर्षं फिरतायत, पण 2012 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पुरावा कमकुवत निघाला. आमच्यासाठी पायोमेट्रा पुरेसा होता.

तारीख मिळाली ती कोजागिरीनंतरची. रक्त जायचं थांबलं होतं, सूज उतरली होती, फाटकाबाहेरची मंडळी पांगली होती, आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर आल्याने घरात माणूस असणार होतं. कागदावर याहून सोयीची वेळ नव्हती.

पहिली ‘नाही’ भुलीची. ती सगळ्यात साधी. रात्रीपासून उपाशी, मग इंजेक्शनं, मग पोटातून अंडाशयं आणि गर्भाशय दोन्ही काढलेलं. संध्याकाळी मिरी घरी आली ती पाय फाकून चालत, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धवट ओढलेला, कुणालाच ओळख न देता. भुलीसाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं झायलाझीन उलटी आणतं आणि आतड्यांची हालचालही मंदावतं. नळी घातलेली असेल तर घसा खवखवतो. त्यामुळे त्या रात्री रोजच्या पाव हिश्श्याएवढंच द्यायचं, आणि तेही नको म्हणाली तर सोडून द्यायचं, असं डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. बघायचं ते दुसरंच : हिरड्या गुलाबी आहेत ना, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो ना, लघवी झाली का, ताप किती. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट ही त्याची रोजची अवस्था, त्यामुळे हात लावून ‘ताप आहे’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. पांढऱ्या पडलेल्या हिरड्या म्हणजे आत रक्तस्राव, आणि तेव्हा सकाळची वाट बघायची नसते. शौचाला तीन-चार दिवस झालं नाही तरी घाबरू नये, पोटात काही नसतंच.

दुसऱ्या दिवशी तिला भूक लागली होती. पण गळ्यात कोन. टाके चाटू नयेत म्हणून घातलेला तो प्लास्टिकचा कर्णा आमच्या स्टीलच्या वाडग्यापेक्षा रुंद होता. मिरी मान खाली घाले, कोनाची कड आधी फरशीवर आपटे, वाडगा ठणकन पुढे सरके, ती दचकून मागे. पुन्हा पुढे, पुन्हा ठण्ण. तिसऱ्या खेपेला ती वाडग्याकडे पाठ करून बसली, आणि त्या दिवसाच्या चौकटीत ‘नाही’ पडलं. मग वाडगा पाटावर ठेवला, खाली ओलं फडकं घातलं, आणि जेवणापुरता कोन काढून एकाने तिच्याशेजारी बसायचं ठरलं. अर्धी वाटी गेली. कसलंही औषध न देता बरा झालेला हा एकमेव नकार.

त्यानंतरचा नकार गोळ्यांचा. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक. मेलॉक्सिकॅम भरल्या पोटी द्यायची असते, आणि पोट भरत नव्हतं. रिकाम्या पोटी ती जठराला झोंबते, त्यातून उलटी, उलटीमुळे पुन्हा जेवण नको. शौच डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा असतो. आमच्याकडे प्रकरण पिवळ्या उलटीवर थांबलं. दुखण्याचं औषध मग इंजेक्शनने सुरू झालं. अँटिबायोटिक मात्र तोंडावाटेच, आणि ते कडू. मिरीने चारदोन वेळा पनीरमधून ते गिळलं, मग एकदा दाताखाली आलं आणि पनीर या पदार्थावरचाच तिचा विश्वास उडाला. आजारी जनावराच्या आवडत्या खाण्यात औषध लपवलं तर ते खाणंच नावडतं होऊन बसतं. त्यापेक्षा जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी, वरून थोडं पाणी द्यावं, आणि जेवण जेवणासारखं राहू द्यावं.

सल्ल्यांचा या काळात पूर आला होता. त्यातले दोन मात्र घातक. एका पाहुण्यांनी ‘माणसाची दुखण्याची अर्धी गोळी द्या’ म्हणून सांगितलं. आपल्या घरातल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या कुत्र्याचं जठर, मूत्रपिंडं, यकृत यांची वाट लावू शकतात. (डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून आपल्या देशात बंदच आहे, पण ते गिधाडांमुळे. औषध दिलेल्या गुरांचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली.) दुसरा सल्ला शेजारच्या काकूंचा, आणि तो पातेल्यासकट आला : बाळंतिणीला देतात तसं कांदा-लसूण घातलेलं चिकनचं झणझणीत सूप. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. सूप आम्ही प्यायलो, उत्तम होतं. मिरीसाठी बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि गुरगुट्या भात, कोमट करून. कोमट अन्नाला वास सुटतो, आणि कुत्र्याची भूक आधी नाकात जागी होते.

टाके निघाले. जखम कोरडी, कडा जुळलेल्या. कोन गेला, अँटिबायोटिकच्या गोळ्या संपल्या. आता खाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि तिने होतं नव्हतं तेही सोडलं.

पण दिवाळी होती. फटाक्यांनी कुत्री जेवत नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. मिरी दिवाणाखाली जाऊन बसली, त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. भाऊबीज झाली, आवाज विरले, तरी ती बाहेर येईना. वाकून पाहिलं तर तिने तिथे संसार मांडला होता : सासूबाईंचा लोकरीचा एक मोजा, भाचीची कापडी बाहुली, माझा जुना दुपट्टा. दुपट्टा पंजांनी उकरून गोल केलेला, आणि बाहुली पोटाशी. मोज्याला हात लावायला गेले तर माझ्यावर, म्हणजे तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या बाईवर, ती गुरगुरली. पोट तपासलं तर आचळं टरारलेली.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आधी रक्त घेतलं. आपल्या भागात गोचीडतापाचा संशय पहिला येतो आणि तो बरोबरच असतो. एर्लिकिया, बबेसिया हे जंतू गोचिडीतून येतात, अंगात दबा धरून राहतात आणि ऑपरेशनच्या ताणानंतर डोकं वर काढू शकतात. भूक जाते, ताप येतो, प्लेटलेट घसरतात. मिरीच्या प्लेटलेट ठीक निघाल्या, रक्तात जंतू दिसले नाहीत, ताप नव्हता. मग त्यांनी आचळं पाहिली, मोज्याची हकीकत ऐकली आणि विचारलं, “माजावर कधी आली होती?”

“गौरींच्या वेळी.”

“मग ही खोटी गाभण आहे.”

कुत्रीच्या शरीराची एक रीत विलक्षण आहे. गर्भ राहो न राहो, माजानंतर साधारण दोन महिने तिची अंडाशयं प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतात. शरीर गाभण असल्यासारखंच वागतं. मुदत संपताना प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन चढतं, आणि काही माद्यांना दूध येतं, त्या बिळं उकरतात, चपला-बाहुल्या पिल्लांसारख्या सांभाळतात, जेवण सोडतात. रानात कळपातल्या दुसरीची पिल्लं पाजायला ही सोय उपयोगी पडत असावी, असं काही अभ्यासक मानतात. मिरीची अंडाशयं निघाली ती नेमकी या दोन महिन्यांच्या मधोमध. प्रोजेस्टेरॉनचा नळ एका दुपारीत बंद झाला. मेंदूने त्याचा अर्थ लावला, की पिल्लं झाली. गर्भाशय बाटलीत गेल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचण्याची काही व्यवस्था नसते. म्हणूनच माज सरल्यावर दोन-तीन महिने थांबून, शरीर पूर्ण निवांत असताना नसबंदी करावी असं आता सांगितलं जातं. बाहेरून मात्र निवांत मादी आणि माजानंतरची मादी सारखीच दिसते. रक्त थांबणं ही काही खूण नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी निघाली. उलटीसाठी मधल्या काळात सुरू असलेली गोळी मेटोक्लोप्रमाइडची होती. उलट्यांवर ती चांगली, पण ती प्रोलॅक्टिन वाढवते. ती बंद झाली. त्याऐवजी प्रोलॅक्टिन उतरवणारं कॅबरगोलिन लिहून मिळालं, जे माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं. दुकानदाराने चिठ्ठी पाहून आदराने विचारलं, “बाळंतीण घरीच आहे का?” मी हो म्हणाले.

पाठोपाठ बाकीचं पथ्य. आचळं पिळायची नाहीत, शेकायची नाहीत, कारण हात लागला की दूध वाढतं. ती स्वतः चाटू नये म्हणून कोन परत गळ्यात. मोजा-बाहुली ती फिरायला गेलेली असताना एकेक करून गायब करायची, डोळ्यांदेखत हिसकावायची नाहीत. सासूबाईंना हे फार निर्दय वाटलं. “पोरं चोरता होय तिची?” म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मिरी रात्री दिवाणाखाली जाऊन हुंगायची आणि परत यायची. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास चौकटीत ‘अर्धी’ आली, मग ‘पाऊण’. मग एका दिवशी पेन जोरात दाबून ‘सगळं!!’.

हे घरात सांभाळलेल्या कुत्रीचं झालं. रस्त्यावरच्यांचं वेगळं. 1964 मध्ये मद्रासला ब्लू क्रॉसने मोकाट कुत्रे मारण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि लसीकरण सुरू केलं, 2001 मध्ये त्याचे केंद्रीय नियम झाले, 2023 मध्ये ते नव्याने आले. मिरी माजावर येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, 22 ऑगस्ट 2025 ला, सर्वोच्च न्यायालयाने आपला 11 ऑगस्टचा आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली आणि हिंसक वगळता, जिथून उचलली तिथेच सोडायला सांगितलं. हे धोरण मला पटतं, पूर्वीही पटत होतं. पण भाद्रपदानंतर उचललेल्या मादीबद्दल ‘माजावर कधी आली होती?’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? तिच्या पिंजऱ्यापुढचा वाडगा रिकामा झाला की नाही, एवढंच तिच्याबद्दल कळू शकतं. म्हणून नसबंदी केंद्रांत पिंजरा झाडणाऱ्या माणसाची नजर मला सर्जनच्या हाताइतकीच मोलाची वाटते, आणि पगार ठरवताना ती कुणी धरत नाही.

डिसेंबरभर मिरी चोख जेवली. इतकी, की संक्रांतीला डॉक्टर मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं आणि आमच्याकडे रोखून पाहिलं. अंडाशयं गेली की शरीराला लागणारं इंधन साधारण पाव हिश्श्याने कमी होतं, आणि भूक उलट वाढते. महिनाभर ‘खा गं बाई’ म्हणून जिच्यामागे वाडगा घेऊन फिरलो, तिला आता मोजून वाटी, आणि तीही सपाट. हे सासूबाईंना अजिबात मान्य नाही. संक्रांतीच्या गुळपोळीचा तुकडा त्यांच्या पदराआडून गेला, हे मिरीच्या मिशीला चिकटलेल्या तिळांवरून कळलं. विचारल्यावर म्हणाल्या, “अशक्तपणा आहे अजून तिला.”