बी.एस्सी.वाल्याला अमेरिकेत ‘पी.ई.’ होता येतं का?

भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेली आपली काही मुलं अमेरिकेत जाऊन पाणीपुरवठा, पाया-तपासणी, प्रदूषण नियंत्रण अशा कामांत रुळतात. आराखड्यावर स्वतःचा शिक्का मारायचा तर ‘प्रोफेशनल इंजिनिअर’चा, म्हणजे पी.ई.चा परवाना लागतो. त्याबद्दल ऐकीव माहितीच फार.

‘इंजिनिअरिंगची पदवी नाही, मग विषयच संपला.’
नाही संपत. हा परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं आणि नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासच्या कायद्यात संबंधित विज्ञान शाखेच्या पदवीचा उल्लेखच आहे. मात्र तो अभ्यासक्रम मंडळमान्य नसेल तर 4 ऐवजी 8 वर्षांचा अनुभव मागतात. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण आणि अनुभव मिळून 12 वर्षं भरावी लागतात. टेक्सासचा हा कायदा 1937 चा. त्याच वर्षी तिथल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसगळतीने स्फोट होऊन सुमारे 300 जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. त्या स्फोटानंतरच हा कायदा झाला. मंडळं कागद इतके बारकाईने का तपासतात, ते यावरून समजावं.

‘एम.एस. केलं की बी.एस्सी.चा प्रश्न मिटला.’
हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘अ‍ॅबेट’ संस्थेची मान्यता मुख्यतः पदवी अभ्यासक्रमांना असते, पदव्युत्तरला क्वचितच. त्यामुळे अनेक मंडळं तुमच्या दोन्ही गुणपत्रिका राज्य मंडळांची राष्ट्रीय परिषद असलेल्या ‘एन.सी.ई.ई.एस.’च्या निकषावर तपासून घेतात: गणित आणि मूलभूत विज्ञानाचे 32 क्रेडिट, अभियांत्रिकी विज्ञान आणि डिझाइनचे 48. पहिला रकाना बी.एस्सी.वाला सहज भरतो. घोडं अडतं दुसऱ्यात. स्टॅटिक्स, पदार्थांची ताकद, द्रवयांत्रिकी हे विषय बी.एस्सी.ला अभियांत्रिकीच्या अंगाने झालेलेच नसतात, आणि एम.एस. असतं साधारण 30 क्रेडिटचं. उरलेले विषय पदवीच्या वर्गात बसूनच पुरे करावे लागतात. एम.एस. चालू असतानाच ते घेतले तर पुढची वर्षं वाचतात.

‘परीक्षा पास, म्हणजे परवाना.’
एफ.ई. (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) ही 110 प्रश्नांची पहिली परीक्षा, नंतर पी.ई.ची. दोन्ही अवघड, पण खरी कसोटी अनुभवाची असते. नुसते नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासले, एवढ्यावर तो अभियांत्रिकीचा अनुभव ठरत नाही. भाराचं गणित कुणी केलं, पर्याय कुणी निवडला, हे लिहावं लागतं आणि परवानाधारक इंजिनिअरला त्याची ग्वाही द्यावी लागते. कामाची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवा. चार वर्षांनी आठवून लिहिलेलं तोकडं पडतं.

‘एका राज्याचा परवाना सगळीकडे चालतो.’
चालत नाही. दुसरं राज्य तुमची पदवी नव्याने तपासतं आणि विज्ञान पदवीवर अडूही शकतं.

कारखान्यातल्या बऱ्याचशा नोकऱ्यांना पी.ई. लागतच नाही, तेव्हा आधी आपल्याला तो हवा का हे ठरवा. हवाच असेल, तर एम.एस.ची फी भरण्यापूर्वी जिथे राहणार त्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचा आणि शंका लेखी विचारा. मित्राच्या राज्यातला नियम तुम्हाला लागू होत नाही.