नंदीची चढण आणि हौशी सायकलपटू

बंगळूरच्या वायव्येस, यशवंतपूरला लागून, राजाजीनगर हे उपनगर आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ते स्वातंत्र्यानंतर कारखान्यांच्या सोयीसाठी वसविण्यात आले. त्या काळात कामगार सायकलवरून कामावर जात. आज त्याच रस्त्यांवर मोटारींची दाटी झाली आहे. तरीही रविवारी पहाटे, उजाडण्यापूर्वी, हेल्मेट घातलेले काही सायकलस्वार तेथून बाहेर पडताना दिसतात. त्यांना कामावर जावयाचे नसते. हेब्बाळ व देवनहळ्ळी या मार्गाने सुमारे ६० किलोमीटरवर असलेला नंदी डोंगर त्यांना गाठावयाचा असतो.

हे लोक व्यवसायाने अभियंते, शिक्षक, दुकानदार किंवा विद्यार्थी असतात. सायकल हा त्यांचा छंद होय. एखाद्या मंडळाचे सभासद व्हावे, आठवडाभर सराव करावा आणि स्थानिक शर्यतीत उतरावे, एवढाच त्यांचा क्रम. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ‘बंगलोर बायसिकल चॅम्पियनशिप्स’ ही स्पर्धामाला अशाच हौशी मंडळींनी उभी केली. वेळ मोजणे, वळणावर उभे राहून वाहने थोपविणे ही कामेही बहुधा त्यांच्यातीलच कोणीतरी करतो. (यात नवल नाही, ज्याला स्वतः शर्यत लावता येत नाही त्याला ती भरविणाऱ्याचे कष्ट कळत नाहीत.)

सपाट रस्त्यावरील शर्यत पाहणाऱ्यास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. सर्व स्पर्धक एकमेकांना चिकटून का धावतात? याचे कारण हवा हे आहे. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे स्वाराची बहुतेक शक्ती हवा दूर सारण्यातच खर्च होते, आणि हा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग ३० वरून ३६ केला, म्हणजे केवळ पाचव्या हिश्श्याने वाढविला, तरी हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ पावणेदोनपट होते. पुढच्याच्या चाकामागे राहणाऱ्यास मात्र सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याची बचत होते. म्हणूनच घोळक्यापासून हातभर मागे पडलेला स्वार पाहता पाहता शंभर हात मागे पडतो आणि मग पुन्हा गाठ घालणे त्याला क्वचितच जमते. हौशी सायकलपटूची सारी धास्ती या हातभर अंतरात साठलेली असते. दुसरा धोका अर्थातच चाकाला चाक लागण्याचा. पुढील एक पडला की मागचे चारजण त्याच्यावर येऊन आदळतात.

नंदीच्या चढणीवर हा हिशेब पालटतो. समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंचीच्या या डोंगरावर टिपूचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याजवळच्या मुद्देनहळ्ळी गावी विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. वर जाणारा रस्ता नागमोडी वळणांचा आहे. येथे वेग इतका मंदावतो की हवेचा अडथळा नगण्य ठरतो. झगडा उरतो तो केवळ वजनाशी. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरल्यास दर १०० मीटर चढण्यासाठी सुमारे ७८,००० ज्यूल खर्ची पडतात. हे काम सहा मिनिटांत उरकावयाचे तर पायांनी सतत २१७ वॉट शक्ती पुरविली पाहिजे. एकेकट्याने घड्याळाशी लढावयाच्या शर्यतीत तर कोणाच्या आडोशाचा प्रश्नच येत नाही. तेथे कोणाची चलाखी उपयोगी पडत नाही. विजापूर, बागलकोट, जमखंडी या भागातील तरुण अशा शर्यतींत शहरी हौशांना मागे टाकतात, त्याचे कारण लहानपणापासूनचा सराव. तेथे सायकलिंग हा छंद नसून रेल्वेतील नोकरीची वाट आहे. हरण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

मराठी वाचकास यावरून मुंबई–पुणे शर्यत व बोरघाटातील ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवेल. आणखी एक धागा असा की, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. त्यांच्याच घराण्यातील एक कारखाना १९४६ मध्ये बंगळुरात उभा राहिला.

चिखलातून, खाचखळग्यांतून धावावयाची, अडथळा आला की सायकल खांद्यावर घेऊन पळावयाची ‘सायक्लोक्रॉस’ ही शर्यत मात्र आपल्याकडे अद्याप फारशी रुजलेली नाही. फ्रान्समध्ये १९०२ साली तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा. रुंद टायरांची सोय नको म्हणून ३३ मिलिमीटरची मर्यादा घालण्यात आली. बंगळूरच्या तांबड्या मातीत, पावसानंतर, ही शर्यत चांगली रंगेल.

रविवारी सकाळी नंदीकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. म्हणून शर्यत लवकर उरकावी लागते. वरून उतरताना ब्रेक आखडून धरून हात दुखू लागतात. अकरापर्यंत तोच स्वार डॉक्टर राजकुमार रस्त्यावरील सिग्नलपाशी, रिक्षांच्या रांगेत, एक पाय टेकून उभा असतो.