‘राइट टू वर्क’ म्हणजे कामाचा हक्क नव्हे : सक्तीचे युनियन सभासदत्व आणि कायदा

अनुवादाच्या तासाला एकदा विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कामगार कायद्यांविषयीचा एक उतारा दिला होता. त्यातील ‘राइट टू वर्क लॉ’ या शब्दांचे मराठी रूपांतर बहुतेकांनी ‘कामाच्या हक्काचा कायदा’ असे केले. उर्दूच्या विद्यार्थ्यांनी ‘काम का हक’ लिहिले. शब्दाला शब्द ठेवण्यात कोणाचीच चूक नव्हती. परंतु या कायद्याने बेरोजगाराला काम मिळत नाही आणि नोकरदाराच्या नोकरीला संरक्षणही मिळत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये ज्या कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, त्याच्याशी या कायद्याचा संबंध नाही. हा वाद युनियनच्या वर्गणीचा आहे. युनियनने मिळवलेल्या कराराचा लाभ ज्याला मिळतो, त्याने तिच्या खर्चाचा वाटा उचललाच पाहिजे काय, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचा उगम १९३५ च्या वॅग्नर कायद्यात आहे. या कायद्याने अमेरिकेतील खाजगी उद्योगांतील कामगारांना संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार दिला. एखाद्या ठिकाणी बहुसंख्य कामगारांनी जी युनियन निवडली, ती तेथील सर्वांची एकमेव प्रतिनिधी ठरते. ज्यांनी तिला मत दिले नाही, त्यांच्याही वतीने तीच बोलते आणि तिने केलेला करार त्यांनाही लागू होतो.

असा अधिकार मिळाला की त्याच्या गैरवापराची शक्यता आलीच. तेथील रेल्वेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या फायरमन कामगारांच्या युनियनमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, तरी कायद्याने त्यांची प्रतिनिधी तीच होती. तिने रेल्वे कंपन्यांशी असा करार केला की कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्याच धोक्यात आल्या. १९४४ मध्ये ‘स्टील’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जी युनियन सर्वांच्या वतीने बोलते तिने सभासद नसलेल्यांचे व अल्पसंख्य गटाचेही प्रतिनिधित्व भेदभाव न करता केले पाहिजे. मात्र त्यांना सभासद करून घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही. न्याय्य प्रतिनिधित्वाचे हे कर्तव्य पुढे इतर उद्योगांतील युनियनांनाही लागू झाले.

आता सक्तीच्या प्रकारांकडे वळू. येथे ‘शॉप’ म्हणजे दुकान नव्हे, तर कामाचे ठिकाण. ‘क्लोज्ड शॉप’मध्ये आधी सभासद व्हायचे, मगच नोकरी. ‘युनियन शॉप’मध्ये नोकरी आधी मिळते, ठराविक मुदतीत सभासद व्हावे लागते. ‘एजन्सी शॉप’मध्ये सभासदत्वाची सक्ती नसते, पण वाटाघाटींच्या खर्चापोटी शुल्क द्यावे लागते.

१९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा संमत झाला. त्याने क्लोज्ड शॉप बेकायदा ठरवला. युनियन शॉपला मुभा राहिली, परंतु कलम १४(ब) अन्वये तोही करार आपल्या हद्दीत बंद करण्याचा अधिकार घटक राज्यांना मिळाला. हा अधिकार वापरून केलेल्या कायद्यांनाच ‘राइट टू वर्क’ कायदे म्हणतात. अशा राज्यात कामगार एक पैसा न देता कराराचे सर्व लाभ घेऊ शकतो, आणि युनियनचे त्याच्याविषयीचे कर्तव्य मात्र कायम राहते.

हे लाभ किरकोळ नसतात. लेखी करार नसलेल्या खाजगी नोकरदाराला मालक कारण न देताही काढू शकतो, हा अमेरिकेतील सर्वसाधारण नियम आहे. योग्य कारणाशिवाय कामावरून काढता येणार नाही, ही हमी तेथे बहुधा युनियनच्या करारातूनच मिळते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. कायद्याचे समर्थक म्हणतात, संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात संघटनेबाहेर राहण्याचे स्वातंत्र्यही आहे. नको असलेल्या संस्थेला पैसे देणे ही नोकरीची अट असू नये. विरोधक म्हणतात, फुकट लाभ मिळू लागला की वर्गणीदार घटतात, युनियन दुबळी होते आणि अखेरीस मजुरी सर्वांचीच रोडावते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्ये ही घोषणाच फसवी असल्याचा इशारा दिला होता.

या वादात शिक्षकही आहेत. डेट्रॉइटच्या शाळांतील शिक्षकांच्या ‘अबूड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मध्यममार्ग काढला : वाटाघाटींच्या खर्चाचे शुल्क सक्तीने घेता येईल, परंतु सभासद नसलेल्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा पैसा राजकीय प्रचारासाठी वापरता येणार नाही. हा निर्णय ४१ वर्षे टिकला. २०१८ मध्ये ‘जेनस’ खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मताधिक्याने तो रद्द झाला. सरकारी कर्मचाऱ्यांकडून असे शुल्क सक्तीने घेणे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरले. त्यामुळे सरकारी शाळांतील शिक्षकांना हा नियम आता सर्व राज्यांत लागू आहे. खाजगी क्षेत्रात मात्र राज्याराज्यांत फरक आहे. मोटार उद्योगाचे माहेरघर असलेल्या मिशिगनने २०१२ मध्ये ‘राइट टू वर्क’ कायदा केला व २०२३ मध्ये तो रद्द केला. ही रद्दबातल २०२४ मध्ये अंमलात आली. त्यानंतर असे कायदे असलेली २६ राज्ये उरली.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. ब्रिटिश रेल्वेने १९७५ मध्ये क्लोज्ड शॉपचा करार केला आणि सभासद होण्यास नकार देणाऱ्या तीन कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. १९८१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९० च्या कायद्याने सभासद असणे वा नसणे या कारणावरून नोकरी नाकारणे बेकायदा ठरले.

भारतात कलम १९(१)(ग) नुसार संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदत्वाची सक्ती नव्हती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने तर युनियनमध्ये येण्यासाठी वा न येण्यासाठी कामगारावर जबरदस्ती करणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकाहून अधिक युनियन असलेल्या ठिकाणी ५१ टक्के वा अधिक कामगार जिचे सभासद असतील, ती एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ठरते. म्हणजे सर्वांच्या वतीने एकाने बोलण्याची व्यवस्था आपल्याकडेही आहे. अशा वेळी उरलेल्यांचा आवाज ऐकला जातो का, हा स्टील खटल्यातील प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

तेव्हा वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न वेगवेगळे मांडावेत : सभासद कोणी व्हायचे? खर्च कोणी द्यायचा? आणि युनियनने कोणासाठी बोलायचे? सक्ती नको म्हणणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसरा त्याने सुटत नाही. आपल्या शिक्षक संघटनांचाच अनुभव पाहावा. वेतनश्रेणी सुधारली की तिचा लाभ सर्वांना होतो. वर्गणीची पावती फाडणारे मोजकेच असतात. उर्दूत हक मागितला जातो, तसाच तो अदाही केला जातो. मराठीत ‘हक्क’ आला, पण त्यामागचे हे ‘अदा करणे’ बरेचसे मागे राहिले. ‘राइट टू वर्क’चा अनुवाद करताना कोणाचा हक्क आणि तो अदा कोण करणार, एवढे विद्यार्थ्याने विचारले तरी पुरे.