शिळ्या भाताची फोडणी आणि घड्याळाचा हिशेब

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला पडणे, ही मराठी घरातील नित्याची बाब. कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे आणि वरून पिळलेले लिंबू असा फोडणीचा भात अनेकांना ताज्या भातापेक्षा अधिक रुचतो. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, ज्याला विदर्भात कुटके म्हणतात, आमटी घालून मळलेले थालीपीठ, शिळ्या भाकरीचा दह्यातला काला, अशी ही यादी बरीच लांबते. अन्न टाकू नये, या संस्कारातून हे सारे पदार्थ जन्मले.

या संस्काराचे मोल आज अधिकच जाणवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातील घरांमध्ये दरडोई दरवर्षी सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असावे, असा याच अहवालाचा अंदाज आहे. तेव्हा उरलेले वापरावे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो ते कसे राखावे याचा. आणि येथेच दोन समजुती घात करतात. वास येत नाही म्हणजे अन्न चांगले, ही पहिली. कडकडीत फोडणी दिली की जंतू मरतात, ही दुसरी.

शिळा भात मोकळा का होतो?

तांदूळ शिजताना त्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात. भात निवू लागला की या पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येतात आणि शिते घट्ट होतात. म्हणूनच शिळा भात परतताना गिचका होत नाही. कोलमसारख्या तांदळात हा गुण विशेष दिसतो. मुळातच चिकट असलेल्या इंद्रायणीत तो कमी. शिळी पोळी कडक होण्याचे कारणही हेच. पाण्याचा हबका मारून ती गरम केली की पुन्हा मऊ पडते. येथपर्यंत सारे निर्धोक आहे. धोका उद्भवतो तो भात निवण्याच्या आणि ओट्यावर पडून राहण्याच्या काळात.

फोडणीला न जुमानणारे विष

'बॅसिलस सेरेअस' हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो आणि धान्यासोबत घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती टणक कवच असलेले बीजाणू तयार करतो. भात उकळल्यावर जिवाणू मरतात, पण सर्व बीजाणू मरतीलच असे नाही. कुकरमधील अधिक उष्णतेत त्यांची संख्या बरीच घटते. तथापि झाकण उघडल्यावर हात, डाव वा भांड्यांमधून नव्याने संसर्ग होऊ शकतो. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि 'सेर्युलाइड' नावाचे विष तयार करू शकतात. या विषाला ना रंग, ना वास.

हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवूनही नष्ट होत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. फोडणीचे तेल कितीही तापलेले असले, तरी पाणी धरून असलेला भात जेमतेम शंभर अंशांपर्यंत जातो. म्हणजेच फोडणी जिवाणूंना मारते; त्यांनी आधीच तयार केलेले विष मात्र तसेच राहते.

हा प्रकार १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये प्रकर्षाने उघड झाला. तेथील चिनी उपाहारगृहांतील 'फ्राइड राइस' खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या. भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवायचा आणि मागणी येताच झटपट परतायचा, ही तेथील पद्धत. आपल्या फोडणीच्या भाताशी तिचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

असे अन्न खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात आणि बहुधा एका दिवसात थांबतात. क्वचित यकृतावर गंभीर परिणाम होतो. २००८ मध्ये ब्रुसेल्समध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्याने वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता.

डब्याचे तास मोजावेत

शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, पाच अंशांखाली साठवावे आणि पुन्हा गरम करताना किमान ७० अंशांपर्यंत तापवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. शहरी दिनक्रमाला हा हिशेब लावून पाहावा. रात्री आठला शिजलेला भात जेवणे उरकून अकराला फ्रीजमध्ये गेला, तर तीन तास तेथेच संपले. सकाळी सातला फोडणी देऊन तो डब्यात भरला आणि कार्यालयात दीडला उघडला, तर आणखी साडेसहा तास. फ्रीजबाहेरचा एकूण काळ साडेनऊ तासांचा होतो. फोडणीचा भात न्याहारीला खावा आणि डब्यात पोळी-भाजी न्यावी, हे अधिक शहाणपणाचे. पोळी-भाकरीत पाण्याचा अंश भातापेक्षा कमी असल्याने ती तुलनेने टिकते.

वरण-आमटीचीही हीच गोष्ट. मोठ्या पातेल्यातील आमटी तासन् तास कोमट राहते आणि तळाशी, जेथे हवा कमी, तेथे 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स' हा जिवाणू वाढतो. दुसऱ्या दिवशी मुरलेली कटाची आमटी चविष्ट लागते खरी. पण ती मुरायला हवी फ्रीजमध्ये, आणि वाढण्यापूर्वी खळखळून उकळायला हवी.

ओडिशातील पखाळ किंवा बंगालमधील पांताभात रात्रभर बाहेर राहतो, मग त्याचे काय, असे कोणी विचारेल. तो पाण्यात भिजवून आंबवलेला असतो. दह्यातल्यासारखे जिवाणू तेथे आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात अपायकारक जिवाणूंची वाढ रोखली जाते. पातेल्यात कोरडा राहिलेल्या भाताला हे संरक्षण नसते.

हे लक्षात असू द्या

* जेवणे होताच उरलेला भात पसरट ताटलीत काढून लवकर निववावा व झाकून फ्रीजमध्ये ठेवावा.
* आमटी लहान, उथळ भांड्यांत विभागून ठेवावी.
* फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशीच संपवावा. एकदा गरम केलेला भात पुन्हा राखू नये.
* वीज बराच काळ गेली असेल, तर फ्रीजमधील भातही बाहेरचा समजावा.
* रात्रभर ओट्यावर राहिलेला भात, वास येत नसला तरी, टाकून द्यावा.

शेवटची सूचना जिवावर येणारी आहे. ती पाळण्याची वेळ येऊ नये, यासाठी निजण्यापूर्वी पातेल्याचे झाकण एकदा उघडून पाहणे पुरेसे आहे.